तज्ज्ञाने लावून दिलं, तरी रेकॉर्डच्या बाजूच्या शेवटी आवाज पुन्हा का फाटतो?

नवं कार्ट्रिज (सुई ज्यात बसवलेली असते तो छोटा डबा) घेतलं, जाणकार माणूस बोलावून ते टर्नटेबलवर बसवून घेतलं आणि पहिले काही दिवस आवाज असा लागला की जुन्याच रेकॉर्ड नव्याने ऐकाव्यात. मग हळूहळू बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ चरचरायला लागले. गळा वर चढला की सुराला फाटकी किनार यायला लागली. त्या माणसाला पुन्हा बोलावलं, त्याने तासभर खटपट केली, फरक पडला. काही आठवडे गेले आणि परत तेच.

हे गाऱ्हाणं मी इतक्यांकडून ऐकलं आहे की एकदा सविस्तर लिहून ठेवणं बरं. अशा प्रकरणांत बहुतेकदा तज्ज्ञाच्या हातात काही खोट नसते. तो जाताना आकडे मागे ठेवत नाही, तिथे घोडं अडतं. सुईवर वजन किती होतं, कार्ट्रिज कुठल्या भूमितीने, म्हणजे कोनाच्या कुठल्या हिशेबाने बसवलं, ते धरणाऱ्या दांड्याची, म्हणजे टोनआर्मची उंची काय होती, यातलं काहीच कागदावर नसेल तर दोन महिन्यांनी नेमकं काय सरकलं ते कुणालाच सांगता येत नाही. मग प्रत्येक भेट पहिल्यापासून सुरू होते.

दोष शेवटीच का दिसतो

रेकॉर्ड एकाच वेगाने फिरते, पण सुईखालून सरकणारी खाच मात्र एकाच वेगाने सरकत नाही. ३३ १/३ फेऱ्यांच्या एलपीवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच जाते. लेबलजवळ पोहोचेपर्यंत ती २१ सेंटिमीटरवर येते. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. १० किलोहर्ट्झची एक लहर बाहेर सुमारे ५१ मायक्रॉन लांब असते, आत ती २१ मायक्रॉन उरते. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच साधारण १५ ते १८ मायक्रॉन असते. एवढ्या आखूड वळणात ते टोक नीट उतरत नाही, वरवर घासत जातं.

शिवाय टोनआर्म एका खिळीभोवती फिरतो. रेकॉर्ड कापणारं यंत्र त्रिज्येवरून सरळ रेषेत सरकतं, आर्म मात्र कमानीत. त्यामुळे संपूर्ण बाजूत फक्त दोन ठिकाणी कार्ट्रिज खाचेला अगदी समांतर असतं. बाकी सगळीकडे थोडा कोन चुकलेलाच असतो, आणि आतल्या दाट खाचेत तोच कोन जास्त ऐकू येतो.

म्हणून ‘शेवटचं गाणं फाटतं’ एवढ्यावरून निदान होत नाही. वजन कमी असो, सुई झिजलेली असो, रेकॉर्ड खराब असो, स्क्रू सैल असो, पहिलं रडगाणं शेवटच्या गाण्यातच ऐकू येतं.

फोन करण्याआधी

सगळ्यात आधी रेकॉर्ड बदला. ज्या रेकॉर्डवर आवाज फाटतो ती पूर्वी दुसऱ्या कुणाच्या टर्नटेबलवर हलक्या वजनात किंवा झिजलेल्या सुईने वाजली असेल, तर खाचेच्या भिंती खरवडल्या गेलेल्या असतात. ती जखम कायमची असते. कुठलाही तज्ज्ञ, कुठलंही कार्ट्रिज ती भरून काढत नाही. निदान दोन-तीन अशा रेकॉर्ड हव्यात ज्या नवीन आहेत किंवा फक्त तुमच्याकडेच वाजल्या आहेत. त्यांच्या शेवटी आवाज स्वच्छ असेल आणि जुन्याच रेकॉर्डवर फाटत असेल, तर टर्नटेबलला हात लावू नका.

मग सुई बघा, भिंगातून. धुळीचा आणि तंतूंचा बारीक गोळा टोकाशी अडकला की सुई खाचेत पूर्ण बसत नाही आणि आवाज हुबेहूब सेटिंग बिघडल्यासारखा येतो. सुईचा ब्रश मागून पुढे, म्हणजे आर्मच्या बुडाकडून तुमच्याकडे, एवढ्याच दिशेने फिरवायचा. उलटा किंवा आडवा फिरवला तर कॅन्टिलिव्हर, म्हणजे सुई ज्याच्या टोकाला असते ती बारीक दांडी, वाकू शकतो.

आवाज एकाच बाजूच्या स्पीकरमधून फाटत असेल तर ॲम्प्लिफायरच्या फोनो इनपुटला, म्हणजे टर्नटेबलची केबल लागते तिथे, डावी-उजवी केबल अदलाबदल करून लावा. दोष दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला तर तो रेकॉर्ड, कार्ट्रिज किंवा आर्मकडचा आहे. तिथेच राहिला तर ॲम्प्लिफायर किंवा स्पीकरकडे बघा. या परीक्षेला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि ती न केल्यामुळे लोक विनाकारण कार्ट्रिज उलटंपालटं करून घेतात.

दोष ठरावीक अंतराने येतो का, हेही ऐका. एलपीची एक फेरी १.८ सेकंदांची. सूर त्याच ठेक्यात हेलकावत असेल तर रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही किंवा रेकॉर्ड वाकलेली आहे. त्याचा कार्ट्रिजच्या कोनाशी संबंध नाही.

आणि पाणसळ ठेवून प्लॅटर सपाट आहे का ते पाहा. मांडणी जरा कुणी सरकवली, खालचा एक पाय वर-खाली झाला, की अँटी-स्केटचं, म्हणजे आर्मच्या आत ओढलं जाण्याला तोलणाऱ्या जोराचं, गणित बिघडतं.

इतकं केल्यावर आधी चांगल्या वाजणाऱ्या रेकॉर्डही फाटत असतील, तर बोलवा.

काय सरकतं

एकदा नीट लावलेलं टर्नटेबल आपोआप कसं बिघडेल, असं लोकांना वाटतं. बिघडतं, आणि त्याची कारणं अगदी साधी असतात.

नव्या कार्ट्रिजमध्ये कॅन्टिलिव्हर एका छोट्या रबरी कड्यात धरलेला असतो. सुरुवातीच्या काही डझन तासांत ते रबर मऊ पडतं आणि कार्ट्रिज किंचित खाली बसतं. वजन तेवढंच राहतं, पण सुईचा कोन बदलतो. म्हणून चांगला तज्ज्ञ पहिल्याच दिवशी सांगतो की मी पुन्हा एकदा येऊन बघणार. हेच रबर थंडीत कडक होतं. गार खोलीत पहिली बाजू फाटते आणि खोली उबदार झाल्यावर तीच रेकॉर्ड बरी वाजते, असा अनुभव असेल तर सेटिंगमध्ये काही शोधू नका.

काउंटरवेटवरच्या, म्हणजे आर्मच्या मागच्या फिरत्या वजनावरच्या, आकड्यांची चकती अनेक आर्मवर वजनापासून वेगळी फिरते. शून्य जुळवण्यासाठी तशी सोय असते. धूळ पुसताना कापड लागलं आणि चकती फिरली, की तिच्यावरचा २ काहीच सांगत नाही. मग कुणीतरी ‘अरे हे तर दीडवर आहे’ म्हणून वजन फिरवतं आणि चांगलं असलेलं सेटिंग मोडतं.

काढता येणाऱ्या हेडशेलची (कार्ट्रिज ज्यावर बसतं ते आर्मचं टोक) मागची कॉलर पूर्ण घट्ट नसेल तर हेडशेल केसभर एका अंगाला झुकतं. समोरून नीट पाहिलं नाही तर दिसत नाही. दोरा आणि वजनाचं अँटी-स्केट असेल तर दोरा खाचेतून निसटलेला असतो. पण सगळ्यात जास्त वेळा मला सापडलेलं कारण म्हणजे कार्ट्रिजचे दोन स्क्रू. ते पुरते आवळलेले नसतात, कारण शेवटचा पाव फेरा आवळताना कार्ट्रिज वळतं आणि जुळवलेला कोन हलतो. हे टाळायला काही जण स्क्रू अर्धवट आवळून सोडून देतात. त्या दिवशी प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे कार्ट्रिजचा कोन जुळवायच्या ठिपक्या-रेषांच्या पट्टीवर, सगळं नेमकं दिसतं, महिन्याभराने कार्ट्रिज बोटाने सहज हलतं. दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे आणि पूर्ण आवळून झाल्यावर पुन्हा प्रोट्रॅक्टरवर पाहायचं, हीच रीत.

दोन तज्ज्ञ, दोन भूमिती

याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या तक्रारींचं हे फार मोठं आणि न ओळखलेलं मूळ आहे.

आर्म खाचेला समांतर होण्याच्या त्या दोन जागा कुठे असाव्यात, याची उत्तरं एकाहून अधिक आहेत. एरिक लोफग्रेन यांनी १९३८ मध्ये हे गणित मांडलं, बेअरवाल्ड यांनी १९४१ मध्ये. त्यांच्या प्रचलित मांडणीत मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिमी या दोन जागा येतात. लोफग्रेन यांच्या दुसऱ्या मांडणीत त्या ७०.३ आणि ११६.६ मिमीवर असतात. तिथे मधल्या भागात दोष सगळ्यात कमी, पण अगदी आत आणि अगदी बाहेर तो वाढतो. स्टीव्हन्सन यांची १९६६ची मांडणी आतली जागा थेट ६०.३ मिमीवर, म्हणजे शेवटच्या खाचेपाशी नेते. त्याच्या मोबदल्यात मधल्या गाण्यांत थोडा जास्त दोष पत्करते. टेक्निक्सच्या एसएल-१२०० मालिकेत सुईच्या टोकापासून हेडशेलच्या मागच्या कडेपर्यंत ५२ मिमी मोजून कार्ट्रिज बसवायचं असतं. ती पद्धतही आतली जागा लेबलजवळ ठेवते.

यातली कुठलीच चूक नाही. पण समजा पहिल्या माणसाने ५२ मिमीने बसवलं. दुसरा आला, त्याने आपला प्रोट्रॅक्टर ठेवला, सुई ठिपक्यावर येत नाही असं पाहिलं आणि ‘आधीच्याने चुकीचं लावलं होतं’ म्हणत कार्ट्रिज पुढे सरकवलं. आता मधली गाणी अधिक मोकळी वाटतात आणि शेवटचे दोन मिनिटं जास्त फाटतात. तिसरा आला की परत उलटं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि तुमची तक्रार तशीच राहते.

तुम्ही ज्या रेकॉर्ड ऐकता त्यांच्या बाजू लेबलपर्यंत भरलेल्या असतील आणि संगीताचा कळस शेवटी येत असेल, तर आतली जागा लेबलजवळ ठेवणारी मांडणी घ्या. बाजू लवकर संपणाऱ्या असतील तर बेअरवाल्ड उत्तम. निर्णय कुठलाही घ्या, त्याचं नाव लिहून ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगा.

कुणाला बोलवावं

फोनवर दोनच प्रश्न विचारले तरी माणूस कळतो. पहिला: या आर्मसाठी तुम्ही कुठला प्रोट्रॅक्टर वापरता? दोन ठिपक्यांचा प्रोट्रॅक्टर कुठल्याही आर्मला चालतो. कमान छापलेला फक्त ज्या आर्मसाठी बनवला त्यालाच. हा फरक जो सहज सांगतो आणि उलट तुम्हालाच आर्मचं मॉडेल विचारतो, तो कामाचा.

दुसरा: हे कार्ट्रिज या आर्मला शोभतं का? इथे नुसतं ‘चालेल’ ऐकून गप्प बसू नका. आर्मचं प्रभावी वजन (हलताना सुईला जाणवणारं), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रू यांची ग्रॅममध्ये बेरीज करायची, तिला कार्ट्रिजच्या लवचीकतेने (कॅन्टिलिव्हर किती सहज हलतो त्याचा कंपनीने दिलेला आकडा) गुणायचं, वर्गमूळ काढायचं आणि १५९ला त्याने भागायचं. उत्तर म्हणजे ही जोडी स्वतःहून ज्या कंपनाला डुलते तो आकडा, तो ८ ते १२ हर्ट्झच्या आसपास यावा. १२ ग्रॅमचा आर्म, ७ ग्रॅमचं कार्ट्रिज, १ ग्रॅम स्क्रू आणि लवचीकता २० असेल तर उत्तर जवळजवळ ८ येतं, चालेल. लवचीकता ३५ असेल तर ६ येतं. मग जरा वाकलेल्या रेकॉर्डवर आर्म डुलतो, वूफर आतबाहेर हलताना दिसतो आणि कितीही वेळा सेटिंग केलं तरी सुई स्थिर राहत नाही. लवचीकतेचा आकडा बघताना एक काळजी घ्या: जपानी कंपन्या तो बरेचदा १०० हर्ट्झला मोजलेला देतात. डेनॉनच्या डीएल-१०३चा ५ हा आकडा तसाच आहे. या सूत्रासाठी १० हर्ट्झचा आकडा लागतो आणि तो त्याहून बराच मोठा असतो.

जोडी मुळातच जुळत नसेल तर ते आधी सांगणारा तज्ज्ञ हवा.

तो काम करत असताना

काम तुमच्या टर्नटेबलच्या कायमच्या जागीच झालं पाहिजे. दुसरीकडे लावून उचलून आणलेलं टर्नटेबल निदान सपाटी आणि वजन यांपुरतं पुन्हा तपासावंच लागतं.

शेजारी बसा. पाहण्यासारखं बरंच असतं. सुई ठिपक्यावर टेकली की बहुतेक जण कार्ट्रिजचा चौकोनी डबा प्रोट्रॅक्टरवरच्या जाळीच्या रेषांशी जुळवतात. डबा सरळ असला म्हणजे कॅन्टिलिव्हर सरळ असतोच असं नाही. कित्येक कार्ट्रिजमध्ये तो किंचित तिरका बसलेला असतो. खाचेत जाते ती सुई, म्हणून जुळवायचा तो कॅन्टिलिव्हर. त्यासाठी वाकून, समोरून, बाजूने दिवा धरून पाहावं लागतं. हे जो करतो त्याला वेळ लागतो आणि तो लागू द्यावा.

वजन मोजताना प्लॅटर थांबलेला हवा, अँटी-स्केट शून्यावर, आणि वजनकाट्याची वरची पट्टी शक्य तितकी रेकॉर्डच्या उंचीवर. मूव्हिंग कॉइल (हलत्या तारेच्या गुंडाळीच्या) कार्ट्रिजमधलं चुंबक पोलादी भाग असलेल्या काट्याला ओढतं आणि आकडा खोटा येतो. वजन किती, तर कंपनीने सांगितलेलं. ऑर्टोफोन टूएम रेडला १.६ ते २ ग्रॅम चालतं आणि शिफारस १.८ची आहे, ऑडिओ-टेक्निका एटी-व्हीएम९५ईला १.८ ते २.२, शिफारस २. आवाज फाटत असेल तर शिफारशीच्या थोडं वर जा, पण मर्यादेच्या आत. हलकं वजन ठेवलं की रेकॉर्ड जपली जाते, हा समज फार नुकसान करतो. हलकी सुई खाचेत उडते आणि प्रत्येक उडीला भिंतीवर आपटते.

अँटी-स्केट बिनखाचेच्या तबकडीवर लावण्याची जुनी सवय आहे. तिथे घर्षण वेगळं असतं, त्यामुळे ते सेटिंग फार तर सुरुवात म्हणून धरावं. खाचेची आतली भिंत डाव्या चॅनेलची, बाहेरची उजव्या. आर्म आत ओढला जातो तेव्हा बाहेरच्या भिंतीवरचा दाब कमी होतो. जोरदार भागात उजवीकडून आधी फाटत असेल तर अँटी-स्केट वाढवा, डावीकडून आधी फाटत असेल तर कमी करा. दोन्हीकडून सारखंच फाटत असेल तर वजन, सुई किंवा रेकॉर्ड.

सुई समोरून सरळ उभी आहे का, हे आरशात दिसतं आणि मीटरवर कळतं: १ किलोहर्ट्झचा सूर एका चॅनेलमध्ये वाजवायचा आणि दुसऱ्यात किती गळतो ते मोजायचं. दोन्ही दिशांची गळती जवळपास सारखी आली की झालं.

आर्मच्या उंचीवर मात्र रात्री घालवू नका. २३० मिमीच्या आर्मची मागची बाजू ४ मिमी उचलली तर सुईचा कोन एका अंशाने बदलतो. जाड-पातळ रेकॉर्डचा फरक त्यापुढे किरकोळ आहे. गोल सुईला तर तो कळतही नाही. शिबाता किंवा मायक्रोलाइनसारख्या बारीक कडेच्या सुयांना कळतो. शिबाता सुई सत्तरच्या दशकात चार चॅनेलच्या रेकॉर्डसाठी, त्यांतली ३० किलोहर्ट्झची वाहक लहर वाचता यावी म्हणून घडवली गेली. शेवटच्या गाण्यात ती का सरस ठरते हे त्यावरून लक्षात येईल. सगळं सेटिंग अचूक असूनही साध्या सुईने शेवट थोडा फाटतच असेल, तर ती सुईची मर्यादा आहे. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत त्याच डब्यावर बारीक कडेची मायक्रोलिनियर सुई चढवता येते, कार्ट्रिज उतरवावं लागत नाही.

कागदावर काय हवं

तो उठण्याआधी एवढं लिहून घ्या: तारीख, सुईचे झालेले तास, भूमितीचं नाव आणि दोन्ही जागा, काट्यावर मोजलेलं वजन, अँटी-स्केट कुठे ठेवलं, आर्मची उंची पट्टीने मोजून, दोन्ही दिशांची गळती, आणि फोनो स्टेजचं (कार्ट्रिजचा बारीक संकेत वाढवणाऱ्या भागाचं) लोड व कपॅसिटन्स. मूव्हिंग मॅग्नेट (हलत्या चुंबकाच्या) कार्ट्रिजला ४७ किलोओहम लोड ठरलेलं असतं, पण कपॅसिटन्स कंपनीगणिक वेगळा लागतो. केबल बदलली की तो बदलतो आणि ‘स’ टोचायला लागतो, आणि दोष सेटिंगला दिला जातो. सोबत तीन फोटो काढा: वरून, समोरून, बाजूने.

दोन महिन्यांनी आवाज फाटला की हा कागद काढा आणि काटा ठेवा. वजन तेच, स्क्रू घट्ट, दोरा जागेवर, प्रोट्रॅक्टरवर सुई ठिपक्यावर, तर सेटिंग सरकलेलं नाही. सुईचे तास मोजा. साधारण ५०० ते १००० तासांनंतर सुई सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावी. वजन १.८वरून १.५वर आलेलं दिसलं, तर कारणही सापडलं आणि बहुधा कुणाला बोलवायचीही गरज नाही.

सगळे आकडे जुळूनही आवाज एखाद्या दिवशी फाटतो आणि एखाद्या दिवशी नाही, असं असेल तर आर्मचे बेअरिंग तपासायला सांगा. वजन आणि अँटी-स्केट शून्य करून आर्म हवेत तरंगता ठेवायचा आणि हळूच फुंकर मारायची. तो कुठेही न अडखळता सरकला पाहिजे. मध्येच एका जागी थांबत असेल, किंवा हेडशेल अलगद धरल्यावर बुडाशी खुळखुळ जाणवत असेल, तर तिथे प्रोट्रॅक्टरचं काम संपतं आणि आर्म दुरुस्त करणाऱ्याचं सुरू होतं.